हसावें कोणास?

इंग्लंडांतील रॉबर्ट सीमूर (१७९८–१८३६) या चित्रकारानें १८३४ पासून 'ह्यूमरस स्केचेस' नांवाचीं विनोदी चित्रें छापून प्रसिद्ध केलीं. त्यांपैकीं अनेकांचा नायक लंडनमधील एखादा किरकोळ धंदेवाला असतो. सुटीच्या दिवशीं हा गृहस्थ बंदूक घेऊन रानांत जातो व आपलें हसें करून घेतो. चित्रें गमतीचीं आहेत यांत शंका नाहीं. परंतु हें हसें कोणाचें व कां, हें वाचकांनीं क्षणभर पाहावें अशी आमची विनंति आहे.

१६७१ च्या कायद्यानें तेथें शिकारीचा हक्क मुख्यतः वर्षास १०० पौंड उत्पन्नाची जमीन असणारांपुरता राखला होता. परगण्याचा प्रतिनिधि निवडण्यास ४० शिलिंग, म्हणजे २ पौंड, उत्पन्नाची जमीन पुरे. तित्तिर मारण्यास मात्र तिच्या पन्नासपट हवी! ब्लॅकस्टन या कायदेपंडितानें ही विसंगति अठराव्या शतकांतच दाखविली होती. अखेर १८३१ सालीं ही अट रद्द झाली व शुल्क भरून दाखला घेणारास शिकारीची मोकळीक मिळाली. दीडशेंहून अधिक वर्षें ज्या वर्गास दाराबाहेर ठेवलें, त्याला बंदूक नीट धरतां येत नाहीं यांत नवल तें काय? ज्यास पाण्यांत उतरूंच दिलें नाहीं, तो पहिल्या दिवशीं गटांगळ्या खाणारच.

शिवाय दुकानदाराच्या फजितीस हसतांना खेड्यांतील भुकेला मजूर विसरून चालणार नाहीं. १८२८ च्या कायद्यान्वयें रात्रीं चोरून शिकार करणारास तिसऱ्या अपराधाबद्दल सात वर्षें काळ्या पाण्याची शिक्षा होऊं शकत असे. एका सशापायीं मनुष्य देशांतरास जावा, यांत विनोद कसला?

सीमूरवर आम्ही दोष ठेवीत नाहीं. नवशिक्या शिकाऱ्यांच्या मंडळाची फजिती चितारण्याच्या त्याच्याच योजनेंतून १८३६ सालीं 'पिकविक पेपर्स' निघाले. आणि तरुण डिकन्सनें तिला निराळें वळण देऊन नेमबाजींत फसणाऱ्या विंकलविषयींही वाचकांच्या मनांत जिव्हाळा निर्माण केला. हसूनही माणुसकी राखतां येते, याचा हा पुरावाच होय.

नवा हक्क मिळालेल्या वर्गाची पहिली चूक जुन्या हक्कदारांस नेहमींच हास्यास्पद वाटते. मुली शिकूं लागल्या तेव्हां आमच्याकडेही त्यांची थट्टा झालीच. विनोद अवश्य असावा; पण शिकाऊ हाताला हसण्यापूर्वीं, इतकीं वर्षें दार कोणीं लावून ठेवलें होतें, हें विचारण्याची संवय समाजानें लावून घ्यावी.