खातेपान आणि संगणक

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने टॅली शिकावे आणि प्रोग्रॅमिंग विज्ञानवाल्यांवर सोपवावे, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. मला तो मान्य नाही.

कीर्दीत नोंद करताना आपण खातेपानाचा रकाना भरतो. त्या आकड्याने कीर्दीतली ओळ खतावणीतल्या नेमक्या खात्याशी बांधली जाते. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल पद्धतीत हेच काम 'फॉरिन की' करते. पावतीवर गिऱ्हाईकाचे नाव पुन्हा लिहायचे नाही, त्याच्या नोंदीचा क्रमांक तेवढा ठेवायचा.

'जँगो' ही प्रणाली अमेरिकेतील एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मली व २००५ साली सर्वांना खुली झाली. तिचे ॲडमिन पान या 'की'साठी आपोआप नावांची यादी उघडते. वीस खात्यांना ती पुरते. पाच हजार खाती असली तर कारकुनाचे डोळे फिरतील. २०१७ च्या २.० आवृत्तीपासून 'ऑटोकम्प्लीट फील्ड्स'ची सोय झाली. दोन-चार अक्षरे टाइप केली की जुळणारी नावे पुढे येतात. मात्र शोध कशावरून घ्यायचा, हे आपणच 'सर्च फील्ड्स'मध्ये सांगायचे असते.

खरी मेख इथेच आहे. आपल्या बेळगावात गल्लोगल्ली मारुती पाटील, आणि तेही मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तीन लिप्यांत! शोध नुसत्या नावावर ठेवला आणि यादीतही नुसते नावच दिसले, तर एकाची रक्कम दुसऱ्याच्या खाती पडेल आणि तेरीज तरीही जुळेल. ही चूक तेरीज पकडत नाही, हे आपण पी.यू.सी.लाच शिकलो. म्हणून वडिलांचे नाव, गाव आणि खातेक्रमांकही तिथे हवेत.

तीच गोष्ट 'ऑन डिलीट'ची. तिथे 'कॅस्केड' लिहिले तर गिऱ्हाईकाबरोबर त्याच्या साऱ्या पावत्याही पुसल्या जातात. 'प्रोटेक्ट' लिहिले तर पावत्या असेपर्यंत गिऱ्हाईक पुसताच येत नाही. हिशेबात खाडाखोड चालत नाही, उलट नोंद करावी लागते. प्रोग्रॅमरला हे कोण सांगणार?

मित्रहो, हे निर्णय दिसायला संगणकाचे, पण मुळात हिशेबनिसाचे आहेत. आपल्या वाणिज्य मंडळाने मराठी आणि कन्नड दोन्ही विभागांच्या मुलांना एकत्र बसवून एक छोटी खतावणी जँगोत उभी करावी, अशी माझी सूचना आहे. पाटील दोन्ही भाषांत सापडला, की काम फत्ते!