जड म्हणजे दणकट? आडवाटेच्या गाड्यांविषयीचा एक हट्टी गैरसमज

१/ निगडी-आकुर्डी पट्ट्यात मोटारींचा विषय निघाला की एक हळहळ ठरलेली : "इवलेसे टर्बो इंजिन, पातळ पत्रा, खरी गाडी जुनीच." ही हळहळ इतिहासाच्या नावाने व्यक्त होते. तेव्हा तिची झडतीही इतिहासानेच घ्यावी.

२/ आरंभ जीपपासून. १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने मागितली ती हलकी टेहळणी गाडी. वजनाची मूळ अट इतकी कडक होती की ती पुढे शिथिल करावी लागली. युद्धातील विलीज जीप भरली जेमतेम एक टन, इंजिन २.२ लिटर, शक्ती ६० अश्वशक्ती. १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत जोडली ती याच कुळातली गाडी. म्हणजे मूळपुरुषच सडपातळ!

३/ आता "खरी" सफारी. १९९८ मध्ये टेल्कोच्या पुण्यातील कारखान्याने आणलेल्या त्या गाडीचे डिझेल इंजिन १९४८ सीसीचे, तेही टर्बो; शक्ती सुमारे ९० अश्वशक्ती. २०२१ च्या सफारीचे इंजिन १९५६ सीसी, शक्ती सुमारे १७०. आकार तोच, बळ जवळपास दुप्पट. मग लहान झाले ते काय?

४/ टर्बो वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबतो. घाटमाथ्यावर, त्याहून अधिक लडाखात, हवा विरळ होते. साध्या इंजिनाचा दम तेथे लवकर सुटतो, टर्बोचा उशिरा. आणि वाळूत, चिखलात जडपणा चाकांना आणखी खाली रुतवतो.

५/ डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २००० सीसी व त्यापुढील डिझेल गाड्यांची नोंदणी रोखली. महिंद्रांनी काही आठवड्यांतच २.२ लिटरऐवजी १.९९ लिटरचे इंजिन आणले. अश्वशक्ती घटली नाही. अशक्य म्हणून सांगितले जाणारे काम सक्ती होताच झाले.

६/ एक आक्षेप मात्र रास्त आहे : २०२१ ची सफारी चारही चाकांना शक्ती न देता बाजारात आली. पण तो दोष इंजिनाच्या आकाराचा नव्हे, कंपनीच्या निर्णयाचा. दोन्हींची गल्लत केली की जाब चुकीच्या जागी मागितला जातो.

७/ खरा प्रश्न उलटा आहे. जीपचे वंशज म्हणवणाऱ्या गाड्या पिढीगणिक फुगत का गेल्या? परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी चाकण-पिंपरीकडे हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी मागावी. परंपरा तीच आहे. लोखंडाचा ढीग नव्हे.