मागितल्याशिवाय लाईन क्लिअर मिळत नाही



रेल्वेत नोकरी करणाऱ्याला एक गोष्ट पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. गाडी कितीही महत्त्वाची असो, स्टेशन मास्तर ती आपल्या मर्जीने पुढे सोडू शकत नाही. त्याला पुढच्या स्टेशनकडे लाईन क्लिअर मागावी लागते. पुढचा मास्तर नोकरीत दहा वर्षांनी लहान असला तरी मागावीच लागते, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. न विचारता गाडी सोडणाऱ्याला आपण शूर म्हणत नाही, त्याला आपण चार्जशीट देतो.

ड्युटीवर हा नियम पाळणारे आपण संघटनेत मात्र उलटे वागतो. व्यवस्थापनाकडे हक्क मागताना आपला आवाज गेटबाहेर ऐकू जातो. पण शेजारच्या क्वार्टरमधल्या साथीकडे मदत मागायची वेळ आली की जीभ जड होते. 'कुणाला कशाला त्रास द्यायचा' हे वाक्य आपल्याला सभ्यपणाचे वाटते. माझ्या अनुभवाने सांगतो, या वाक्याने संघटनेचे जेवढे नुकसान केले तेवढे कित्येक बदल्यांच्या ऑर्डरींनी केले नसेल.

आमच्या शाखेतील एका ट्रॅकमन साथीची हकीगत त्याच्या परवानगीने, नाव न देता लिहितो. मुलीच्या आजारपणासाठी त्याने सावकाराकडून पैसे घेतले. सावकाराने त्याचे एटीएम कार्ड आणि पासबुक ठेवून घेतले. पगार जमा झाला की सावकारच पैसे काढायचा आणि घरखर्चापुरते याच्या हातावर ठेवायचा. हे दोन वर्षे चालले. या दोन वर्षांत तो प्रत्येक गेट मीटिंगला आला, वर्गणी भरली, घोषणा दिल्या. मी त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो आणि मला पत्ता नव्हता.

पुढे दुसऱ्या एका साथीच्या पत्नीला मोठ्या शहरातल्या दवाखान्यात हलवावे लागले. रात्री सोबतीला माणूस हवा होता. नेहमीचे कार्यकर्ते त्या दिवशी ड्युटीवर होते, म्हणून मी या ट्रॅकमन साथीला विचारले, "भाऊ, आज रात्री तुमची मदत लागेल." तो आला. सलग तीन रात्री आला. चौथ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर त्याने आपले सगळे सांगितले. मी म्हटले, "दोन वर्षे बोलला का नाहीत?" तो म्हणाला, "भाऊ, युनियनने मला कधी काही मागितलं नव्हतं. मग मी कोणत्या तोंडाने मागू?"

या उत्तराने मला त्या रात्री झोप लागली नाही. मला वाटत होते, संघटना म्हणजे मदत देणारी. पण जो फक्त घेणारा ठरतो, त्याची मान खाली जाते. ज्याच्याकडे आपण काही मागतो, त्याला आपण सांगत असतो की तुझ्यावाचून आमचे अडते. मागणे म्हणजे समोरच्याला दिलेला मान आहे, आणि तो मान मिळाल्यावरच त्याची स्वतःची जीभ सुटते.

त्यानंतर आम्ही चौघे त्याच्यासोबत बँकेत गेलो. जुने कार्ड बंद करून नवे घेतले. पतपेढीचे कर्ज काढून सावकाराचा हिशेब मिटवला. पतपेढीचे हप्ते अजून चालू आहेत, पण कार्ड आता त्याच्या स्वतःच्या खिशात असते.

ही गोष्ट आपल्या चळवळीला नवी नाही. ८ मे १९७४ ला रेल्वेचा देशव्यापी संप सुरू झाला आणि २७ मे ला मागे घेतला गेला. सुमारे १७ लाख कामगार त्यात होते. हजारो साथी तुरुंगात गेले, नोकऱ्या गेल्या, अनेक कुटुंबांना क्वार्टर सोडावे लागले. काढलेल्यांपैकी अनेकांना १९७७ मध्ये मधू दंडवते रेल्वेमंत्री झाल्यावर परत घेण्यात आले. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. वडील खलाशी, संपात, घरापासून दूर. घरातले पीठ संपले. आईने उभ्या आयुष्यात कुणापुढे हात पसरला नव्हता. शेजारी एका तेलुगू फायरमनचे घर होते. आईला तेलुगू येत नव्हते, त्या बाईला मराठी येत नव्हते. आईने रिकामा डबा पुढे केला. त्यांच्याकडे गहू नव्हते, तांदूळ होते, त्यातले निम्मे दिले. दोन दिवसांनी तीच बाई आमच्या दारात आली. तिचा मुलगा तापाने फणफणला होता, त्याला दवाखान्यात नेईपर्यंत धाकटीला सांभाळायला कुणी हवे होते. आईने आधी मागितले नसते, तर तीही आली नसती. पन्नास वर्षे उलटली, त्या घरच्या लग्नाची पत्रिका आजही आमच्याकडे येते.

आपले बापजादे ज्या खेड्यांतून आले, तिथे इर्जिक घालण्याची रीत होती. ज्याचे शेत अडले तो गावाला बोलवायचा, गाव बैल घेऊन यायचे आणि तो सर्वांना जेवू घालायचा. बोलावणाऱ्याला कुणी भिकारी म्हणत नसे. उद्या त्यालाही दुसऱ्याच्या शेतावर जायचे असे.

मात्र सगळे मागणे सारखे नसते. साहेबाच्या केबिनमध्ये एकट्याने जाऊन मेहेरबानी मागितली, तर माणूस मिंधा होतो आणि उद्या साथींच्या विरोधात सही करायला तयार होतो. 'माझी हजेरी लावून ठेव', 'मी प्यायलोय हे सांगू नकोस' हेही मदतीचे मागणे नव्हे. त्याने दुसऱ्याची नोकरी आणि रुळावरच्या शेकडो लोकांचा जीव धोक्यात जातो. बरोबरीच्या माणसाकडे, उघडपणे, फेडण्याच्या तयारीने मागावे. त्यातून नाते जुळते.

आज याची गरज वाढली आहे. रिक्त जागा भरल्या जात नाहीत, ठेकेदारी वाढली आहे. १ जानेवारी २००४ च्या आधी लागलेला आणि नंतर लागलेला, अशी पेन्शनवरून कामगारांत भिंत उभी राहिली. ही भिंत नुसत्या भाषणांनी पडणार नाही. पास आता मोबाईलवर काढावा लागतो. जुन्या गँगमधल्या काकांनी नव्या पोराला म्हणावे, "बाळा, एवढं काढून दे." आणि त्या पदवीधर पोराने काकांना विचारावे, "काका, रूळ तडकलेला तुम्हाला कसा ओळखू येतो?" इटारसी असो, सिकंदराबाद असो की खरगपूर, परमुलखात नोकरी करणाऱ्या मराठी साथींनी शेजाऱ्याला मोडक्यातोडक्या भाषेतच काहीतरी मागून पाहावे. भाषा त्यातूनच येते आणि माणूसही.

म्हणून सर्व शाखांना आमची विनंती आहे. पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेत 'कुणाला काय मदत हवी' हा एक विषय घ्या. पहिल्या सभेत कुणी बोलणार नाही, हे धरून चाला. तेव्हा अध्यक्ष-सेक्रेटरींनी आधी स्वतःची अडचण मांडावी. आणि जो साथी नेहमी मागच्या रांगेत गप्प बसतो, त्याच्याकडे या महिन्यात एक काम आवर्जून मागावे.

पुढचे सिग्नल आपोआप पडत नाही. मागावे लागते.

कामगार एकजुटीचा विजय असो!