इन्स्पेक्टर महेश जाधवची पहिली गोळी

मराठी चित्रपटाने पोलिसाला बराच काळ विनोदाच्या दारातूनच आत घेतले. दादा कोंडके यांच्या ‘पांडू हवालदार’ने (१९७५) साध्या शिपायाला इतके लोकप्रिय केले की, ‘पांडू’ हे विशेषनाम न राहता रस्त्यावरच्या प्रत्येक खाकी गणवेशाला चिकटले. पुढे ‘दे दणादण’मध्ये (१९८७) लक्ष्मीकांत बेर्डे यांनी रंगविलेला हवालदार अचाट शक्ती लाभूनही लाल रंग दिसताच हतबल होत असे. या हसवणाऱ्या परंपरेत एकच पोलिस अधिकारी असा निघाला, ज्याच्यावर मराठी प्रेक्षकाने मनापासून विश्वास टाकला. तो म्हणजे इन्स्पेक्टर महेश जाधव.

महेश कोठारे यांनी स्वतः साकारलेल्या या अधिकाऱ्याचा ‘डॅम इट’ हा उद्गार एका पिढीच्या तोंडी बसला. कोठारे यांच्या आत्मचरित्राच्या नावातही तोच आहे. ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटाची चर्चा निघाली की दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू, रामदास पाध्ये यांनी घडविलेला बाहुला आणि लक्ष्याची उडणारी त्रेधा यांचीच आठवण आधी निघते. त्या मानाने इन्स्पेक्टर जाधव दुर्लक्षित राहतो. परंतु महाराष्ट्रात पोलिस आणि जनता यांच्यातील नात्याबद्दल गेल्या काही वर्षांत जे प्रश्न उभे राहिले आहेत, त्यांच्या प्रकाशात या पात्राकडे पुन्हा पाहणे उद्बोधक ठरावे.

कथानक सर्वपरिचित आहे. इन्स्पेक्टर जाधवच्या गोळीने कुख्यात गुंड तात्या विंचू कोसळतो. पण मरता मरता मंत्राच्या बळावर त्याचा आत्मा एका बाहुल्यात शिरतो. तो बाहुला शब्दभ्रमकार होऊ पाहणाऱ्या लक्ष्याच्या घरी येतो आणि खुनाचे सत्र नव्याने सुरू होते. खून बाहुल्याने केला, असे लक्ष्या जीव तोडून सांगतो. पण ते ऐकणार कोण? उलट संशयाची सुई त्याच्याकडेच वळते. अखेरीस भुवयांच्या मधोमध गोळी लागल्यावरच तात्या विंचूचा अंत होतो.

करमणुकीच्या या कथेत दोन गोष्टी नकळत सांगून झाल्या आहेत. पहिली अशी की, सामान्य माणसाला पोलिसाकडून सर्वप्रथम हवे असते ते ऐकून घेणे. लक्ष्याची खरी शोकांतिका बाहुला नव्हे, तर त्याचे म्हणणे कोणालाच खरे न वाटणे ही आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. इन्स्पेक्टर जाधवच्या पहिल्या गोळीने माणूस मेला, तात्या विंचू मेला नाही. दुष्टपणा फक्त जागा बदलून अधिक अनाकलनीय रूपात परत आला. दुसऱ्या गोळीनेही तो पुरता संपला नाही, हे २०१३ मध्ये आलेल्या ‘झपाटलेला २’ने सिद्ध केले. व्यवसायाच्या गणिताने ते घडले असले, तरी त्यातला बोध खोटा ठरत नाही.

प्रेक्षकांच्या स्मरणात मात्र राहिले ते पिस्तूल. पडद्यावरच्या इन्स्पेक्टरला पंचनाम्याचे कागद रंगवावे लागत नाहीत, गणेशोत्सवाच्या बंदोबस्तात दिवसरात्र उभे राहावे लागत नाही, मुदतीत आरोपपत्र दाखल करण्याची चिंता नसते की फितूर साक्षीदारांमुळे न्यायालयात तोंडघशी पडण्याची भीती नसते. तपास आणि कायदा-सुव्यवस्था ही कामे वेगळी करावीत, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने प्रकाशसिंह खटल्यात २००६ मध्येच दिला. तरीही ठाण्यातला अधिकारी आज सकाळी मोर्चाच्या बंदोबस्ताला आणि दुपारी खुनाच्या तपासाला, अशीच धावपळ करताना दिसतो. निकाल लागायला वर्षे लागतात. अशा वेळी एका गोळीत प्रश्न मिटविणारा अधिकारी लोकांना जवळचा वाटला, तर नवल नाही.

महाराष्ट्रात हे आकर्षण पडद्यापुरते राहिले नाही. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत झालेल्या ९९ चकमकींत १३५ जण मारले गेले. त्यासंबंधीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी निकाल देऊन चकमकीतील मृत्यूंच्या चौकशीसाठी १६ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. चकमकफेम अधिकारी वर्तमानपत्रांतून आणि चित्रपटांतून नायक म्हणून मिरविले जात होते, त्या काळाचा हा उशिरा झालेला हिशेब होता. त्याच वर्षी आलेल्या ‘रेगे’ या मराठी चित्रपटात असे अधिकारी खऱ्या नावांनिशी अवतरले. त्यांपैकी दोघांना २०२१ मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेने अटक केली. वर्सोव्यातील २००६ च्या बनावट चकमकीच्या खटल्यात तर मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये अनेक पोलिसांची जन्मठेप कायम केली. इन्स्पेक्टर जाधवला यातले काहीच भोगावे लागले नाही, कारण तो कल्पनेतला होता आणि त्याचे सावज बाहुला होते.

बदलापूरच्या प्रकरणात हे दोन्ही धागे एकत्र आले. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतील दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, तेव्हा तक्रार नोंदवून घेण्यासाठीच पालकांना पोलिस ठाण्यात तासन् तास ताटकळावे लागले. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच गुन्हा नोंदविणे बंधनकारक आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच दिला होता. संतप्त नागरिक रेल्वेमार्गावर उतरले, तेव्हा यंत्रणा हलली. त्यानंतर २३ सप्टेंबर २०२४ रोजी, म्हणजे चकमकींविषयीच्या त्या निकालाला बरोबर दहा वर्षे होत असताना, आरोपी पोलिसांच्या वाहनात गोळी लागून ठार झाला. ‘बदला पुरा’ झाल्याचे फलक झळकले, पेढेही वाटले गेले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकारी चौकशीच्या अहवालात या मृत्यूस पाच पोलिसांना जबाबदार धरण्यात आले, तेव्हा मात्र असे फलक दिसले नाहीत.

या घटनाक्रमातला विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. जिथे ऐकायचे होते, तिथे यंत्रणेचा कान बंद राहिला. आणि जिथे आरोपीला न्यायालयात उभे करायचे होते, तिथे पिस्तूल बोलले. आरोपी गेला आणि त्याच्याबरोबर त्याचा खटलाही संपला. त्या मुलींना न्यायालयाचा निकाल म्हणून दाखविता येईल असा शब्द त्याच्याबाबत आता कधीच लिहिला जाणार नाही.

बच्चेकंपनीसाठी काढलेल्या चित्रपटावर एवढे ओझे कशाला लादायचे, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. तो अगदीच गैरलागू नाही. कोठारे यांनी पोलिसांवर प्रबंध लिहायला घेतला नव्हता. त्यांना प्रेक्षागृह भरायचे होते आणि ते त्यांनी भरले. समाजाचे दोष चित्रपटाच्या माथी मारणे हा सोपा मार्ग झाला. परंतु आवडत्या नायकाकडून काय घ्यायचे, हे ठरविण्याची जबाबदारी प्रेक्षकाचीच असते. लाच न घेणारा, वेळेवर पोहोचणारा, गावच्या साध्याभोळ्या पोराच्या पाठीशी उभा राहणारा अधिकारीही त्याच पडद्यावर होता. त्याची मागणी करणारे फलक मात्र कोणत्या चौकात लागल्याचे दिसत नाही.

महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ असे आहे. त्यातला क्रमही बोलका आहे आणि शब्दही. आधी सज्जनांचे रक्षण, मग दुर्जनांचा निग्रह. निग्रह म्हणजे आवर घालणे, ताब्यात ठेवणे. ठार मारणे नव्हे. इन्स्पेक्टर जाधवच्या पहिल्या गोळीतून सुटलेला तात्या विंचू एका बाहुल्यात शिरला होता. खटल्याविना झाडलेल्या खऱ्या गोळ्यांतून जे सुटते, ते कुठे जाऊन बसते, याचा शोध पडद्याबाहेरच्या पोलिसांनी आणि त्यांच्यासाठी टाळ्या पिटणाऱ्यांनीही घ्यायला हवा.