हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ : एका भागाकाराचे खंडन

दोन विमानतळांमधील अंतर ठरलेले आणि विमानाचा वेग ठाऊक, तेव्हा अंतराला वेगाने भागले की प्रवासाचा वेळ हाती येतो, असा समज काळ-काम-वेगाच्या शालेय गणितांपासून रुजलेला आहे. नागपूरच्या विमानतळामुळे तुमसरहून मुंबई दीड तासावर आली, हे विधान त्याच समजाचे लाडके अपत्य होय.

या पूर्वपक्षातील अंतर खरे आहे. पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून दोन ठिकाणांना जोडणारा लहानात लहान मार्ग, ज्याला बृहद्वृत्तीय अंतर म्हणतात, तो नागपूर-मुंबईच्या बाबतीत सुमारे 685 किलोमीटर भरतो, तर लोहमार्गाने हेच अंतर 837 किलोमीटर आहे. भागाकार मात्र पहिल्याच पायरीवर फसतो. ताशी 800 किलोमीटर वेगाने हे अंतर तासाच्या आत संपावे. वेळापत्रक दीड तासाच्या आसपास सांगते, कारण ते विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा वेळ, म्हणजे 'ब्लॉक टाइम', मोजते, आणि त्यात धावपट्टीपर्यंतची संथ चाल, चढण, उतरण व मुंबईच्या आकाशात पाळी येईपर्यंतच्या घिरट्यांचीही तरतूद असते.

लांब पल्ल्यावर तर हे गणित चक्क उलटते. 2016 साली एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले, तेव्हा मार्ग सुमारे 1,400 किलोमीटरांनी लांबला आणि तरीही वेळ घटला, कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा, म्हणजे जेट प्रवाह, जो आधी समोरून अडवीत असे, तो पाठीशी आला. उलटपक्षी एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीपासून लंडन तसूभरही दूर गेले नाही, पण भारतीय विमानांचा वळसा वाढला.

मग मोजावे काय? घराच्या उंबऱ्यापासून मुक्कामापर्यंतचा वेळ, हाच उत्तरपक्ष. तुमसरपासून सरळ रेषेत गोंदियाजवळचे बिरसी विमानतळ सुमारे 60 किलोमीटर, तर नागपूरचे सोनेगाव सुमारे 77 किलोमीटर आहे. परंतु बिरसीची सेवा मार्च 2022 मध्ये सुरू होऊन खंडित झाली, डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा सुरू झाली ती हैदराबादच्या दिशेने, म्हणून मुंबईच्या प्रवाशाला नकाशावर दूर असलेले सोनेगावच जवळचे ठरते. तेथपर्यंतचा रस्ता, उड्डाणाच्या तासभर आधी बंद होणारे काउंटर आणि मुंबईतील वाहतूक जमेस धरली की दीड तासाचे सहा-सात तास सहज होतात. तरीही दुपारी तुमसर रोडला, म्हणजे देव्हाडीला, गाठायची आणि दुसऱ्या सकाळी मुंबईत पोचवणारी विदर्भ एक्सप्रेस याहून दुप्पट वेळ घेते, हे नाकारण्याचे कारण नाही. विमान वेळ वाचवते, फक्त जाहिरातीइतका नव्हे.

प्रत्येकाचा उंबरा वेगळा, तेव्हा असा वेळ कोष्टकात मांडता येत नाही, असा आक्षेप येईल. तो अर्धाच खरा आहे, कारण विमान आठवड्यातून किती दिवस आणि किती वाजता उतरते, हे तर सर्वांना समान असते, आणि रात्री अकराला सोनेगावला उतरलेल्या तुमसरकराने भाड्याची गाडी करायची की नागपुरातच मुक्काम करायचा, हे त्यावरच ठरते.