एका ब्रासचे डॉलर किती?

गावाचे नाव वरठी आणि स्टेशनच्या पाटीवर भंडारा रोड. नवखा पाहुणा उतरू की नको या विचारात असतो, तेवढ्यात गाडी सुटते. पाटी एक आणि गाव दुसरे, ही खोड किमतींच्या पाट्यांनाही असते. न्हाणीघर दुरुस्त करायला काढले आणि ते नव्याने कळले.

अमेरिकेतल्या भाच्याने रोज एक फोटो पाठवायला सुरुवात केली. ड्रिल मशीन, नळ, फरशी, सिमेंटची पिशवी, आणि प्रत्येकाखाली डॉलरमधली किंमत. त्याचे म्हणणे एकच: "मामाजी, कमाईच्या मानानं इथं हे सगळं पाण्याच्या भावात आहे. तुमच्याकडे लूट आहे, लूट." इकडे पानठेल्यावरचा पक्ष नेमका उलटा. "तिकडे नळाचा वायसर बदलायला माणूस हजारो रुपये घेते म्हणतेत. आपल्या इथं दोनशेत काम. आपलाच देश स्वस्त." दोन्ही पक्ष छातीठोक, आणि माझ्या मते दोन्ही चुकीचे. तरी आकडे दोघांचेही खरे आहेत, म्हणून त्यांना उत्तर देणे भाग आहे.

सिमेंटपासून सुरू करू. आपले पोते ५० किलोचे. अमेरिकेतली पिशवी ९४ पौंडांची, म्हणजे साडेबेचाळीस किलोच्या जवळपास. फोटोतल्या पिशवीवर १५ डॉलर लिहिले होते. डॉलर ८५ रुपयांचा धरला आणि वजन सारखे केले, तर तिकडचे ५० किलो सिमेंट दीड हजाराला पडते. वरठीत मी पोत्याला ३७० मोजले. चौपट फरक. पानठेला जिंकला!

आता तेच पोते घामात मोजू. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने ठरवलेली किमान मजुरी २००९ पासून तासाला सव्वासात डॉलर आहे. बऱ्याच राज्यांत ती याहून जास्त. त्या तळाच्या दरानेही ५० किलो सिमेंटला अडीच तास पुरतात. आपल्याकडे रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये. आठ तासांचा दिवस धरला तर त्याच पोत्याला साडेनऊ तास. पुन्हा चौपटच, पण उलट्या बाजूने. भाचा जिंकला! पोते एकच आहे. डॉलरने मोजले तर इकडे स्वस्त, घामाने मोजले तर तिकडे. म्हणून नुसता गुणाकार करून 'अमक्या देशात महाग' म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

यावर शिकलेला माणूस म्हणेल की अर्थशास्त्राने हे कोडे कधीच सोडवले आहे. बरोबर. क्रयशक्ती समानतेसाठी जागतिक बँकेच्या देखरेखीखाली देशोदेशीचे भाव गोळा होतात; त्यात वाळू, सिमेंट, विटा आणि मजुरीही असते. २०१७ च्या फेरीत एका डॉलरची भारतातली खरी ताकद २०.६५ रुपयांइतकी निघाली. बाजारात तेव्हा डॉलर ६५ रुपयांचा होता. आकडा मोलाचा आहे, पण ती सगळ्या देशाची सरासरी. नळाचे पितळ आणि ड्रिलची मोटर जगाच्या भावाने येतात. त्यांना ६५ वाला डॉलर लागू. मिस्त्री आणि माल वाहणारी रेजा वरठीच्या भावाने येतात. त्यांना २० वालाही जास्तच म्हणावा लागेल. माझ्या दहा बाय पाचच्या न्हाणीघरात हे दोन्ही डॉलर एकाच घमेल्यात कालवले जातात. सरासरी काढून माझा हिशेब कसा लागणार?

बरे, 'किंमत' तरी कोणती धरायची? भाच्याच्या फोटोतल्या किमतीत विक्रीकर नसतो. तो गल्ल्यावर वाढतो, तोही राज्याप्रमाणे वेगळा. आपल्या एमआरपीत सगळे कर आलेले. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ ला २८ टक्क्यांवरून १८ वर आला, म्हणजे त्याआधीचे पोते आणि नंतरचे पोते यांचीसुद्धा सरळ तुलना होत नाही. त्यातून एमआरपी हा आपल्याकडचा एक खेळच. पाइप आणि फिटिंगच्या दुकानात छापील किंमत कोणी विचारत नाही. "डिस्काउंट किती?" एवढाच प्रश्न. ओळखीच्या प्लंबरला एक उत्तर, मला दुसरे. रंगाच्या बादलीत पेंटरसाठी टोकन निघते, ही गोष्ट तर गावातल्या पोरांनाही माहीत आहे. पैसे माझे, बक्षीस त्याचे, आणि कोणता रंग 'चांगला' हे सांगणाराही तोच. असल्या छापील आकड्याशेजारी अमेरिकेतला दर ठेवून लूट सिद्ध करायची, म्हणजे लग्नपत्रिकेतल्या मुहूर्तावरून अक्षता पडल्याची वेळ सांगण्यासारखे आहे.

भाच्याचा आणखी एक मुद्दा होता: "तुमच्या दाराशी पोलाद बनते, नदी आहे, रेती आहे, तरी महाग कायले?" प्रश्न वरून बिनतोड दिसतो. वरठीत सनफ्लॅगचा कारखाना आहे हे खरेच. पण तिथले मिश्रधातूचे पोलाद मुख्यतः मोटारगाड्यांच्या सुट्या भागांसाठी जाते. आमच्या स्लॅबची सळई दुकानदार जालन्याची नाहीतर रायपूरची देतो. भोंगा ऐकू येतो म्हणून लोहा स्वस्त मिळत नाही.

रेतीचे तर विचारूच नका. वैनगंगेची रेती पार नागपूरच्या इमारतींत जाते. २०२३ मध्ये राज्य सरकारने डेपोवर ६०० रुपये ब्रास असा भाव जाहीर केला. वाचायला फार गोड वाटला. पण डेपोपासून दारापर्यंतचा ट्रॅक्टर त्या सहाशेत नव्हता, आणि पावसाळ्यात उपसाच बंद. २०२५ मध्ये ते धोरणही बदलले आणि लिलाव परत आले. रेतीची किंमत म्हणजे रेतीची नसतेच. ती अंतराची, परवान्याची आणि महिन्याची असते. मी भाच्याला उलट विचारले, "तुमच्याकडे एका ब्रासचे डॉलर किती?" तो गप्प. ब्रास म्हणजे १०० घनफूट हे त्याला सांगावे लागले. तिकडे रेती ५० पौंडांच्या पिशवीत नाहीतर घनयार्डात, म्हणजे २७ घनफुटांत. मापच वेगळे. मापाचे सोडा, त्यांची भिंतही वेगळी. त्यांच्या बहुतेक घरांचा सांगाडा लाकडी आणि त्यावर जिप्समचे तक्ते. 'दोन बाय चार' म्हणून विकले जाणारे त्यांचे लाकूड प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच भरते. पाट्या तिकडेही खोट्याच! आमची विटांची भिंत, वर छपाई, वर पुट्टी. ओल त्यांच्याकडे आली तर तक्ता बदलतात. आमच्याकडे आली तर छिन्नी-हातोडा, चार दिवस धूळ, आणि शेजाऱ्यांशी वाद.

मग तुलना करूच नये का? करावी. पण वस्तूची नको, झालेल्या कामाची करावी. गळणारे न्हाणीघर कोरडे करायला, त्यात राहणाऱ्याच्या किती दिवसांची कमाई लागली, आणि त्या रकमेत माणसाच्या हाताला किती गेले, हे दोन प्रश्न विचारले की दोन देश समोरासमोर येतात. माझ्या कामाला सामानाचे ४७ हजार लागले आणि मजुरीचे १६. भाच्याच्या शेजाऱ्याने तिकडे असेच काम करवून घेतले, तर त्याच्या बिलात मजुरीच जड निघाली. पानठेल्यावरची स्वस्ताई कुठून येते ते इथे उघडे पडते. ती सिमेंटमध्ये नाही, नळात नाही, फरशीत तर नाहीच. आपण स्वस्त म्हणतो तो रेजाचा रोज आहे.

तिकडची मोठमोठी हत्यार-सामानाची दुकाने, 'होम डेपो'सारखी, १९७८ नंतर फोफावली, याच्या मुळाशी हेच. हात महाग, म्हणून शनिवारी मालक स्वतः ड्रिल धरतो. 'आयकिया' जगभर लोकांना आपले फर्निचर आपणच जोडायला लावते. तीच कंपनी २०१८ मध्ये हैदराबादेत आली, तेव्हा जोडणीला सुतार देण्याची सोय तिला करावी लागली. आपल्याकडे ड्रिल घेण्यापेक्षा ड्रिलवाला बोलावणे स्वस्त, आणि म्हणून ड्रिल 'महाग' वाटते. भाच्याच्या फोटोचे उत्तर इतके साधे आहे.

या स्वस्ताईला कायद्यानेही हात लावला नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांपर्यंतचे काम वगळले होते. म्हणजे ज्या कामावर वरठीतले निम्मे मिस्त्री जगतात, ते काम मोजणीतच नव्हते. इमारतीच्या एक टक्का उपकरातून कामगार कल्याण मंडळाला पैसा जातो. माझ्या न्हाणीघरातून काही गेला नाही, आणि त्या १६ हजारांत विम्याचा एक रुपया नाही. भाच्याच्या शेजाऱ्याला ठेकेदार नेमताना आधी विम्याचा कागद बघावा लागला. तो कागदही त्याच्या बिलात आहे. आपण ते बिल पाहून हसतो.

भाच्याने शेवटी विचारले, "म्हणजे मामाजी, तुम्हाला स्वस्तात पडलं ना?" मी म्हटले, "मले पडलं." त्या वेळी रेजा जिन्यावरून रेतीचे अठ्ठाविसावे घमेले आणत होती. मोजले मीच होते; मिस्त्रीने तिला तीस सांगितले होते.