‘थॅलियम’ला निघालात? आधी चार गोष्टी विचारा

कंपनीच्या मेडिकलमध्ये ईसीजीत काही दिसलं किंवा जिना चढताना छाती भरून आली, की आकुर्डी, भोसरी, चाकणच्या कामगाराच्या हातात चिठ्ठी पडते. घरी तो सांगतो, “थॅलियम करायचंय.” म्हणजे किरणोत्सर्गी औषध टोचून हृदयाच्या रक्तपुरवठ्याचे फोटो काढायची तपासणी. नाव जुनंच चाललंय, सुईतून जातं ते मात्र अनेक ठिकाणी टेक्नेशियम. टेक्नेशियमचा किरणोत्सर्ग सहा तासांत निम्म्यावर येतो, थॅलियमला त्यासाठी तीन दिवस लागतात.

हा फरक किरकोळ नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने 2013 मध्ये 65 देशांतल्या 308 केंद्रांची माहिती घेतली. या तपासणीत रुग्णाला मिळणारी किरणांची सरासरी मात्रा एका केंद्रात 2.2 मिलिसिव्हर्ट, तर दुसऱ्यात 24.4! तपासणी तीच, किरण अकरा पट. माती, हवा, आकाशातून आपल्याला वर्षभरात मिळतात ते सरासरी 2.4. औषध कोणतं, किती आणि फोटो एकच की ताणाचा व विश्रांतीचा असे दोन, यावर बरंच काही ठरतं.

म्हणून तारीख घेतानाच विचारा:

1. माझ्यासाठी हीच तपासणी का? जुने इको, अँजिओग्राफीचे रिपोर्ट सोबत न्या.
2. औषध थॅलियम की टेक्नेशियम?
3. मात्रा माझ्या वजनाप्रमाणे ठरणार का?
4. ताणाचा फोटो आधी काढून तो चांगला आला, तर विश्रांतीचा टाळता येईल का?

विचारायला लाजू नका. डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं वेगळं, आपली माहिती घेणं वेगळं.

आणि चहा! औषधाने हृदयावर ताण द्यायचा असेल, तर चहा-कॉफी-कोला आदल्या दिवसापासून बंद. पहाटे कंपनीच्या बसची वाट पाहताना सवयीने मारलेला एक कटिंगही तारीख पुढे ढकलू शकतो. दमा असेल तर आधीच सांगा. बीपीच्या गोळ्या मनाने बंद करू नका. दिवस गेल्याची शंका असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर सुई टोचण्याआधी बोला. नंतर भरपूर पाणी प्या आणि लहान मुलांना किती वेळ जवळ घ्यायचं नाही, ते विचारून घ्या.

किरणांच्या भीतीने गरजेची तपासणी मात्र टाळू नका. आत्ता, या क्षणी छातीत कळ येत असेल, तर तारखेची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टी गाठा.

घरी निघताना औषधाचं नाव आणि मात्रा रिपोर्टवर लिहून घ्या. पुढच्या डॉक्टरांना ‘थॅलियम झालंय’ एवढंच सांगून भागत नाही.